साखर कुठे लिहिलेली असते?

जनुकाला पुस्तक म्हणण्याची सवय आता आम्हां मराठीच्या प्राध्यापकांनाही जडली आहे. चिन्हमीमांसा शिकवताना ‘चार अक्षरांची लिपी’ हा दाखला हटकून येतो. दाखला सोयीचा आहे. पण त्यात साखरेला जागा नाही, आणि आमचे त्याच्याशी भांडण तिथेच आहे.

प्रथिन घडते ते जनुकातील क्रमानुसार. प्रथिनावर चढणारी शर्करांची साखळी मात्र अशा कोणत्याही मजकुरावरून उतरवलेली नसते. त्या त्या पेशीत कोणती विकरे हजर आहेत, यावर ती ठरते.

फळमाशीचा पंख घ्या. अळीच्या शरीरात तो पेशींच्या लहानशा चकतीच्या रूपात असतो. तिथे पेशींच्या पृष्ठभागावर नॉच नावाचे प्रथिन शेजाऱ्यांचे निरोप ऐकत असते. (नाव शंभर वर्षांपूर्वीचे, पंखाच्या कडेला खाच पडलेल्या माश्यांवरून पडलेले.) नॉचवर फ्युकोज ही शर्करा चकतीत सगळीकडे जोडली जाते. फ्रिंज हे विकर मात्र पाठीकडील अर्ध्या भागातच असते, आणि ते त्या फ्युकोजवर आणखी एक शर्करा चढवते. फ्रिंजचे हे काम 2000 साली उलगडले. एवढ्याने नॉचचे ऐकणेच बदलते. पाठीकडील नॉच स्वतःच्या बाजूच्या सेरेट या निरोप्याला दाद देत नाही, पलीकडच्या डेल्टाला मात्र अधिक देते. परिणामी दोन्ही भाग जिथे भेटतात त्या रेषेवरच नॉच जोराने जागे होते, आणि नेमकी तिथे पंखाची कड घडते. डोळ्याच्या चकतीत हेच फ्रिंज पोटाकडील भागात सापडते!

याला पाठभेद म्हणण्याचा मोह होतो, पण पाठभेद मजकुरात असतो. त्यापेक्षा आपला ‘या’ जवळचा वाटतो. दारात आलेल्याला म्हटला तर स्वागत, उठलेल्याला म्हटला तर निरोप, अक्षर एकच.

प्राणिशास्त्राच्या आमच्या सहकाऱ्यांना हे पटले नाही. “फ्रिंजचे जनुकही त्याच पुस्तकात आहे की!” ते म्हणाले. खरे आहे. पण ते पान पंखात पाठीकडे उघडते आणि डोळ्यात पोटाकडे, हे कळायला पेशीचा ठावठिकाणा, तिचे शेजारी, तिचा आधीचा इतिहास पाहावा लागतो. पुस्तकाचा दाखला देताना नेमके हेच आपण वगळतो. येत्या सत्रात चार अक्षरांशेजारी फळ्यावर पंखाची चकतीही काढायची, एवढे आम्ही ठरवले आहे.