‘चालू होत नाही’ म्हणजे नेमके काय?

भाषेचे दारिद्र्य सभेत, न्यायालयात किंवा सरकारी कचेरीत जाणवते, असा आमचा समज होता. तेच दारिद्र्य भर दुपारी रस्त्याच्या कडेला, मुकाट उभ्या असलेल्या मोटारीजवळही जाणवू शकते, हा धडा आम्हाला ग्वाल्हेरच्या सिटी सेंटर भागात मिळाला.

आमच्या मावशीचा जन्म ग्वाल्हेरच्या लष्करातला. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस आपला तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे शहर झाले, ते हे लष्कर. लग्नानंतर मावशी बेळगावास आल्या आणि परिचारिका म्हणून नोकरी करून तेथेच निवृत्त झाल्या. वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांनी एकच हट्ट धरला, माहेरचा वाडा एकदा पाहायचा. रेल्वेच्या पायऱ्या त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाहीत, म्हणून आम्ही आमची जुनी पेट्रोल मोटार काढली आणि पुणे, नाशिक, धुळे, इंदूर, गुना, शिवपुरी असा मार्ग धरला.

या मोटारीस तीन महिन्यांपासून एक खोड होती. सकाळी ती एका किल्लीत चालू होई. परंतु तासभर चालवून बंद केली आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा किल्ली फिरवली की हटून बसे. अर्ध्या-पाऊण तासाने, काहीच घडले नाही अशा थाटात, पुन्हा चालू होई. गावच्या गॅरेजात नेईपर्यंत ती निवलेली असे. आम्ही सांगायचो, “गाडी चालू होत नाही.” मिस्त्री किल्ली फिरवायचे आणि गाडी चालू व्हायची. आमच्या त्या एका वाक्याच्या भरवशावर आधी बॅटरी बदलली गेली, मग प्लग, मग टाकीतला पंप. खोड तशीच राहिली. प्रवासात आम्ही चहाला थांबलो तरी इंजिन चालूच ठेवत असू. पेट्रोल भरताना मात्र ते बंद करावेच लागे. मग मोटार ढकलून बाजूला घ्यायची आणि सावलीत बसून राहायचे.

ग्वाल्हेरला पोहोचलो तेव्हा मे महिन्यातली दुपार होती. सिटी सेंटर हा शहराचा नवा, दुकानांचा आणि कार्यालयांचा भाग. मावशींना घेरी येऊ लागली, म्हणून औषधाच्या दुकानापुढे थांबलो आणि सवयीने हात किल्लीकडे गेला. इंजिन बंद झाले. साखर-मिठाचे पाणी पाजून परत आलो, तो मोटार हटून बसलेली. वातानुकूलन बंद, आत भट्टी, आणि मागच्या आसनावर ८२ वर्षांची मावशी. त्या क्षणी आम्ही खरोखर घाबरलो. दुकानदाराने मावशींना आत पंख्याखाली खुर्ची दिली आणि पलीकडच्या गल्लीतून एका मिस्त्रींना बोलावून आणले.

मिस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधी प्रश्न विचारले. सेल्फ फिरतो का? फिरताना आवाज नेहमीचा की मंद? पेट्रोलचा वास येतो का? सेल्फ मारताना फेऱ्यांच्या मीटरचा काटा हलतो का? किती वेळाने चालू होते? आमचे उत्तर एकच, “बस, चालू नहीं होती.” भाषेवर इतके लेख लिहिलेले आम्ही, आणि आमच्यापाशी एवढेच वाक्य!

उत्तरे दिली ती खुर्चीतून मावशींनी, माहेरच्या अस्सल हिंदीत. “भैया, घूमती तो बराबर है, पकड़ती नहीं. महक बिलकुल नहीं आती. सुई हिलती नहीं. आधा घंटा ठंडी हो जाए तो पहली बार में.” तीन दिवस मागे बसून त्यांनी हे सारे टिपले होते. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, “अरे, रोगी ‘बरं वाटत नाही’ म्हणाला तर डॉक्टर औषध देतो का? कुठे दुखतं, केव्हा दुखतं, कशाने वाढतं, कशाने उतरतं, हे नको का सांगायला?”

मिस्त्री हसले आणि त्यांनी पाण्याने ओला केलेला फडका मागितला. इंजिनवर पाणी न ओतता त्यांनी तो फडका गिअरबॉक्सच्या तोंडाशी बसवलेल्या बोटभर संवेदकावर दाबून धरला, आणि पुन्हा पुन्हा गार करून लावला. पाच-सात मिनिटांनी म्हणाले, “अब मारिए.” मोटार एका किल्लीत चालू झाली.

त्यांनी समजावले ते असे. इंजिन बंद केले की पाणी खेळायचे थांबते, वाराही थांबतो. पण धातूत साठलेली उष्णता बाहेर पडतच राहते. त्यामुळे बॉनेटखालचे काही भाग चालत्या गाडीपेक्षा बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी अधिक तापतात. हा संवेदक म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तार. त्याच्यासमोरून दातेरी चक्र फिरले की विजेचे बारीक ठोके उमटतात, आणि त्यांवरून गाडीच्या संगणकाला क्रँकशाफ्टची स्थिती कळते. आतला सांधा तडकलेला असेल, तर तापून प्रसरण पावल्यावर तो सुटतो आणि निवल्यावर पुन्हा जुळतो. ठोके थांबले की ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही. म्हणून वास नव्हता, म्हणूनच काटा हलत नव्हता.

आता ‘चालू होत नाही’ या वाक्याचे पोट फाडून पाहू. सेल्फ फिरतच नसेल किंवा मंद फिरत असेल, तर दोष बॅटरीत, तिच्या तारांत किंवा तापलेल्या सेल्फमध्ये शोधावा; तापलेल्या तांब्याचा विद्युत्‌रोध वाढतो. सेल्फ नीट फिरतो पण इंजिन पेटत नाही, आणि पेट्रोलचा उग्र वास येतो, प्लग ओले निघतात, तर पेट्रोल जास्त जाते आहे: इंजेक्टर गळत असेल, किंवा तापमान सांगणारा संवेदक गरम इंजिनाला थंड म्हणत असेल. वास नाही, प्लग कोरडे, पण ठिणगी आहे, तर पेट्रोल पोहोचत नाही. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत नळीतच पेट्रोलची वाफ होऊन वाट अडते, ती याच जातीची अडचण. आणि ठिणगीच नसेल, तर कॉइल किंवा आमच्या गाडीतला तो संवेदक.

यातला एकही भेद सांगायला मराठी अपुरी नाही. फिरणे, पेटणे, धरणे, गचके खाणे, मिसिंग मारणे, बंद पडणे ही क्रियापदे आमच्या सीमाभागातल्या प्रत्येक गॅरेजात रोज ऐकू येतात. आम्हीच ती ऐकली नव्हती. शिवकालात राज्यव्यवहारकोश झाला, महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोश काढले; ही कामे मोलाचीच. आम्हीही या जागी यंत्रांच्या सुट्या भागांना मराठी नावे सुचवली आहेत. पण नाव ठाऊक असून आमची गाडी हलली नसती. मिस्त्रींना हवे होते ते क्रियापद, त्यासोबतचे ‘केव्हा’ आणि ‘किती वेळाने’. नामांच्या याद्या करता करता क्रियापदे निसटू देणे, ही आपल्या चळवळीची चूक आहे आणि तिच्यात आम्ही आघाडीवर होतो.

नवा संवेदक त्याच संध्याकाळी बसला. मिस्त्रींनी रेडिएटरचा पंखा फिरू लागेपर्यंत इंजिन तापवले, बंद केले, पंधरा मिनिटे थांबले आणि पुन्हा चालू केले. असे तीनदा. दुरुस्ती झाली हे सिद्ध करण्याची रीत हीच; थंड गाडी चालू झाल्याने काहीच सिद्ध होत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही लष्करात गेलो. शिंद्यांच्या कवायती पलटणींना ‘कंपू’ म्हणत, तो शब्द तेथे वस्तीचे नाव होऊन नांदतो आहे. आपल्याकडे त्याचा अर्थ टोळके एवढाच उरला. महाराज बाड्याच्या नावातला ‘बाड़ा’ म्हणजे आपला वाडाच, असे मावशी सांगत होत्या. त्यांच्या माहेरच्या वाड्याच्या जागी आता तीन मजली इमारत आहे. त्या तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. आम्ही इंजिन बंद केले आणि त्यांना हवा तितका वेळ थांबलो.

वाचकहो, तुमच्या गावच्या मिस्त्रींकडे जाल तेव्हा दुखणे पूर्ण वाक्यात सांगा, आणि त्यांची क्रियापदे वहीत उतरवून आणा.