परत आलेल्या मुली

व्हिएतनामच्या हा तिन्ह प्रांतात डोंग लोक नावाचा तिठा आहे. 24 जुलै 1968 रोजी अमेरिकी बॉम्बहल्ल्यात तिथे रस्ता दुरुस्त करणाऱ्या दहा मुली गेल्या. वयं 17 ते 24, सगळ्या अविवाहित. आज तिथे त्यांच्या दहा समाध्या आहेत. माणसं फुलांसोबत तिथे कंगवे आणि आरसे ठेवतात.

त्या कंगव्यांविषयी वाचलं तेव्हा मला आठवल्या त्यांच्यासारख्याच, पण जगून परत आलेल्या मुली. तरुण स्वयंसेवक पथकांतून त्या हो ची मिन्ह मार्गावर खड्डे बुजवत, न फुटलेले बॉम्ब निकामी करत. लेखिका ले मिन्ह खुए त्यांच्यातलीच; पंधराव्या वर्षी गेलेली. जंगलात अन्न कमी आणि मलेरिया कायमचा. कित्येकींचे केस गळाले, पाळी बंद झाली. 1975 मध्ये युद्ध संपलं तोवर लग्नाचं वय उलटलं होतं, आणि बरोबरीचे कितीतरी मुलगे रणात संपले होते. पथकं सैन्यात मोडत नव्हती, म्हणून माजी सैनिकांच्या सवलतीही या मुलींना लागू नव्हत्या.

काहींनी मग लग्नाविना मूल होऊ दिलं. म्हातारपणी आपलं म्हणावं असं कुणीतरी हवं, एवढीच त्यांची मागणी होती. गावाने नावं ठेवली, तरी त्या मागे हटल्या नाहीत. मला हे धैर्य बॉम्ब निकामी करण्याइतकंच मोठं वाटतं. 1986 च्या कुटुंब कायद्याने अशा आयांना मान्यता दिली, याचं श्रेय त्या सरकारला द्यायलाच हवं.

पण गौरवाची वेळ आली तेव्हा 1994 मध्ये किताब निघाला तो वीरमातेचा, आणि त्याचा मुख्य निकष होता आईने किती मुलं गमावली हा. न्गुयेन थी थू यांचे नऊ मुलगे युद्धात गेले. ताम की शहरात त्यांच्या चेहऱ्यावरून घडवलेलं भव्य स्मारक 2015 मध्ये खुलं झालं. त्याच्या खर्चावरून देशात वादही झाला. त्या माउलीच्या दुःखापुढे मी नतमस्तकच आहे. आक्षेप आहे तो सरकारच्या मोजपट्टीवर. मुलगा देणारी आई तिच्यात बसते, कोवळ्या वयात मेलेली कुमारिकाही बसते. आजारी शरीर घेऊन परतलेली, पुढची चाळीस वर्षं एकटीने शेत कसणारी बाई मात्र बसत नाही, कारण तिला रोजचं औषध लागतं आणि ती बोलू शकते. अशी बाई हयात असेपर्यंत स्मारकाच्या दगडाआधी तिच्या पेन्शनची सोय व्हायला हवी होती.