रजईत काय भरायचं?

नागपूरचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक; इथल्या थंडीची चौकशी कुणी करत नाही. २०१८च्या डिसेंबरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. आमची घरं मात्र उन्हाळ्याच्या हिशेबानं बांधलेली: उंच छत, गार फरशी. बाबांना थंडी बाधू लागली, आणि घरातली जुनी, जडशीळ रजई अंगावर घेतली की त्यांना कूसही बदलता येईना. हलकी आणि तरी ऊबदार रजई करून घ्यायची ठरली.

पिंजाऱ्याच्या दुकानात मी आधी वजनच विचारलं. चाचा म्हणाले, ‘‘ताई, वजनानं ऊब नाही येत. फुगून राहील तो माल घ्या.’’ खरंच आहे. रजई स्वतः गरम नसते. धाग्यांच्या मधे अडकलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. भरणी दबून घट्ट झाली की हवा गेली, उरतं ते नुसतं ओझं.

त्यांनी पोती उघडून दाखवली. सगळ्यांत स्वस्त होता तो चिंध्या पिंजून काढलेला कापूस. त्यात रंगीत ठिपके होते आणि धागे तुटून बारीक झालेले. त्याचे लवकर गोळे होतात. सावरीचा कापूस हाताला रेशमासारखा लागला. त्याचा धागा आतून पोकळ असतो, म्हणून तो फार हलका. पण इतका गुळगुळीत की टाक्यांमधून सरकतो. उशीला छान, रजईला नाही. फायबर हलकं होतं, मशीनमध्ये धुता येणारं. मात्र ते घाम जवळजवळ शोषतच नाही. बाबांना पहाटे घाम येतो, त्यामुळे तेही बाजूला ठेवलं.

उरली रुई. तिच्यातही दोन तऱ्हा. सूतगिरणीला लांब, तलम धागा हवा असतो. रजईला देशी कापसाचा आखूड, जाडसर धागा बरा, कारण तो दबला तरी पुन्हा उसळतो. भारतात बीटी कापसाला २००२मध्ये परवानगी मिळाली आणि आमच्या विदर्भात देशी वाण मागे पडत गेले. चाचांकडे तो थोडाच होता. मी मूठभर घेऊन दाबला, सोडला. तो लगेच वर आला. दुसऱ्या पोत्यातला तसाच चेपून राहिला. माझी निवड तिथेच झाली.

एका माणसाच्या रजईला दोन किलो रुई भरली. मग टाक्यांवरून थोडी घासाघीस झाली. टाके फार लांब घातले तर रुई एका कोपऱ्यात गोळा होते. फार जवळ घातले तर प्रत्येक शिवणीवर थर चेपतो आणि तिथून गारवा शिरतो. वीतभर अंतरावर आमचं एकमत झालं.

रुई हवेतला दमटपणा ओढते, म्हणून या रजईला अधूनमधून ऊन दाखवावं लागतं. धुवायची ती फक्त वरची खोळ. काही वर्षांनी रुई बसली की उसवायची, पिंजायची आणि त्याच खोळीत पुन्हा भरायची. ज्याच्याकडे गच्ची नाही किंवा हे सारं करायला सवड नाही, त्यानं खुशाल फायबर घ्यावं. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलासाठी मी तेच घेतलं.