घोडी नवी, वाट जुनी

काउबॉयचे सिनेमे पाहिलेत ना? बारामती-इंदापूरच्या माळावरचा सीन मात्र हटके आहे. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे कोकणाच्या दिशेने निघतात. मेंढरांमागे गडी चालतात आणि घोडीवर असतो अख्खा संसार: भांडी, जाळी, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरं. लगाम बहुतेक वेळा बाईच्या हातात.

काटेवाडीजवळ भेटलेल्या मावशींची घोडी अगदी नवीन होती. रिकामी असली की गुणी, पाठीवर भांडं वाजलं की बिथरायची. म्हणून आधी नुसती गोधडी, मग दोन कोकरं आणि भांडी सगळ्यात शेवटी. मी बसू का विचारलं, तर मावशी खळखळून हसल्या. मग कोकरं कोण उचलणार?

खरी परीक्षा डांबरी रस्त्यावर. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला, माळ आक्रसला, मेंढरांना हायवे टाळता येत नाही. हॉर्नला घोडी उधळली, तर मागचा कळप थेट ट्रकसमोर! काहींनी सामानासाठी टेम्पो केलेत. पण बांधावरून टेम्पो जात नाही.

आषाढी वारीत बेलवडीला अश्वांचं रिंगण होतं, काटेवाडीत तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्या धावतात. कॅमेरे तेव्हा येतात. मावशींची घोडी बघायची तर दिवाळीनंतर, भल्या पहाटे या.