रीतिभूतकाळातील नदी

रीतिभूतकाळ शिकवताना आम्ही उदाहरण देतो : ‘पाऊस वेळेवर येई.’ कृष्णेच्या पाणीवाटपाचे गणितही याच काळात मांडलेले आहे. बच्छावत लवादाने १८९४-९५ पासूनच्या ७८ वर्षांच्या प्रवाहावरून ७५ टक्के विश्वासार्हतेचे, म्हणजे चारांपैकी तीन वर्षे मिळेल असे, २०६० टीएमसी पाणी गृहीत धरले आणि ते महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र यांच्यात वाटले. ‘येई’वरून ‘येईल’ म्हणणे तेव्हा वावगे नव्हते.

तापत्या जगात हा आधार डळमळतो आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून तहानलेल्या लातूरला रेल्वेने पाणी गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच कृष्णाकाठी सांगली पुरात बुडाली. या दोहोंचे खापर एकट्या हवामानावर फोडता येत नाही. ऊस आणि पूररेषेतली बांधकामेही त्यात आहेत. पण कोयना जुलैत पुरासाठी रिकामी ठेवावी की उन्हाळ्यासाठी भरावी, हे सरासरी सांगत नाही.

तूट व आधिक्य दोन्ही वाटून घेणारी ‘ब’ योजना लवादानेच मांडली होती. ती अमलात आली नाही. नव्या करारांना आता संकेतार्थ शिकावा लागेल : पाऊस कमी आला तर कोणी किती सोसायचे, जास्त आला तर कोणी किती सोडायचे, हे आधीच ठरवणारा.