बरोबरची खूण

चैत्रात जोतिबाची यात्रा असते आणि त्या आठवड्यात आमच्या उद्यमनगरातली बरीचशी पोरे डोंगरावर असतात. भाच्याच्या गॅरेजमधला हाताखालचा मुलगाही गेला. गॅरेज म्हणजे आमच्याच घराचा खालचा मजला. त्यामुळे भाच्याने जिन्यातूनच हाक मारली, "आत्या, चार दिवस माझा कारकून हो की. तुझ्याइतकं चांगलं अक्षर कुणाचं न्हाई."

मंडळी, निवृत्त शिक्षिकेच्या अक्षराची स्तुती केली की ती कुठेही जाते. मी चष्मा आणि पेन घेऊन खाली उतरले.

काम होते एका जुन्या मारुती एस्टीमच्या इंजिनाचे. या गाडीचे उत्पादन २००७ मध्येच थांबले, पण मातीच्या मैदानावरच्या शर्यतींसाठी हौशी पोरे अजून ती शोधून आणतात. इंजिन मूळचे १३०० सीसीचे, ८५ हॉर्सपॉवरचे. गिऱ्हाइकाला त्यातून आणखी ताकद हवी होती.

मला वाटायचे, ताकद वाढवणे म्हणजे काहीतरी मोठे बसवणे. प्रत्यक्षात पहिले दोन दिवस आम्ही फक्त धूत, पुसत आणि मोजत होतो! ब्लॉकची भोके मशीनवर ७४ ची ७४.५ मिलिमीटर करून आणली होती. मग तो ब्लॉक गरम पाण्याने आणि साबणाने धुतला, वाळवला आणि लगेच तेलाचा हात दिला, कारण उघडे लोखंड बघता बघता गंजते. पांढरे फडके सिलिंडरमधून फिरवायचे आणि त्यावर करडा डाग उमटला की पुन्हा धुवायचे. माझ्या आजीचे सोवळे आठवले. तिच्या स्वयंपाकघरात आम्हाला शिवायला बंदी, इथे धुळीला.

नंतर गणित. नव्या मापाने प्रत्येक सिलिंडर ३२९ सीसीचा होतो. पिस्टन वर गेल्यावर डोक्यावर जी जागा उरते, तिच्यात ते सगळे मिश्रण दाबले जाते. ती जागा जितकी कमी, तितका दाब जास्त आणि ताकदही जास्त. फार दाबले तर मात्र पेट्रोल अवेळी भडकते आणि पिस्टनला भोक पडते. मूळ इंजिनात हे प्रमाण साडेनऊला एक. भाच्याला हवे होते अकराला एक, म्हणजे उरणारी जागा साधारण ३३ सीसी. ती मोजायला त्याने काय काढले असेल? शाळेच्या प्रयोगशाळेत असते तसली ब्युरेट! हेड उलटे ठेवून त्यावर भोक पाडलेली पारदर्शक पट्टी ग्रीसने चिकटवली आणि थेंब थेंब द्रव सोडत जागा भरली. मी आकडा वाचला तर म्हणाला, "आत्या, पाण्याची कड वर चढते, तिथला न्हाई. मधला खोलगट भाग हाय ना, तिथला वाच."

मी मराठी आणि इतिहासाची बाई. हे मला कुणी शिकवले नव्हते. त्याला कुणी शिकवले, देव जाणे. दहावीनंतर तो शाळेत गेला नाही.

व्हॉल्व्ह उघडताना पिस्टनला टेकत नाहीत ना, हे बघायला त्याने पिस्टनवर मुलांची खेळायची क्ले ठेवली, हेड बसवले आणि हाताने दोन फेरे फिरवले. मग क्ले कापून तिची जाडी मोजली. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरमध्ये सरकवून त्यांच्या टोकांमधली फट बघितली. तापल्यावर रिंग पसरते. फट कमी पडली तर टोके एकमेकांना भिडतात, रिंग मोडते आणि भिंत खरवडते. कानशीने एकदोनदा घासायचे, पुन्हा घालून बघायचे. प्रत्येक आकडा तो सांगे, मी वहीत लिही.

तिसऱ्या दिवशी कनेक्टिंग रॉड जोडायला घेतले. चार रॉड, प्रत्येकाला दोन नट, एकूण आठ. नट कसायचा पाना ठराविक जोर आला की टक् असा आवाज करतो. आवाज आला की भाचा म्हणे "झाला" आणि मी त्या नटावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देई. पस्तीस वर्षे लाल पेनने बरोबरच्या खुणा केलेल्या बाईला याहून सोपे काम ते कोणते!

तिसऱ्या रॉडला त्याचा फोन वाजला. तो बोलत बाहेर गेला, मी हात पुसले, तो परत आला. मी बघितले, दोनच नट ठिपक्यावाचून दिसत होते. तिसऱ्याचे तर झालेच असणार, असे म्हणून दोन्हींवर ठिपके दिले. तो चौथ्याकडे वळला आणि थांबला.

"हा दुसरा नट मी कधी कसला?"

"कसला असशील की. म्हणून तर खूण केली."

त्याने पाना लावला. नट गरागरा फिरला. टक् नाही, काही नाही.

हे इंजिन मिनिटाला साडेसात हजार फेरे घेणार होते. म्हणजे प्रत्येक पिस्टन सेकंदाला अडीचशे वेळा थांबून उलटा फिरणार, आणि ते सगळे ओढणे या नटांवर. एक सुटला तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. गाडी चालवणारा पोरगा तेवीस वर्षांचा.

भाचा चिडला नाही. थिनरने सगळे ठिपके पुसले, आठही नट सैल केले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. कसता कसता म्हणाला, "आत्या, सातवीतली माझी निबंधाची वही आठवती तुला? 'माझा आवडता ऋतू'?"

मी म्हटले, नाही.

"त्यात मी मधेच दोन पानं लुनाचा कार्बोरेटर कसा साफ करायचा ते लिवलं होतं. तू वाचतीस का बघायला. त्याच्यावर बी तुझी बरोबरची खूण हाय. आणि खाली सही."

मी तोंड उघडले. वर्गात साठ मुले होती, तपासायला वह्यांचे गठ्ठे, त्यात कधी जनगणना तर कधी निवडणूक. हे सगळे खरे होते आणि मी ते नेहमी सांगत आले आहे. त्या दिवशी बोलवेना. कारण त्याच वर्षी त्याच्या प्रगतिपुस्तकात मी लिहिले होते, "अभ्यासात लक्ष नाही." ते मात्र मला आठवत होते. ज्यात त्याचे लक्ष होते, ते त्याने दोन पाने भरून माझ्या हातात दिले होते.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"मार कोण खाणार?" म्हणाला आणि हसला.

पुढच्या आठ ठिपक्यांना आम्हाला बराच वेळ लागला. टक् ऐकल्याशिवाय मी हात पुढे केला नाही. दोनदा त्याला "पुन्हा लाव" म्हणाले. त्याने मुकाट्याने लावला.

पाचव्या दिवशी स्पार्क प्लग काढून इंजिन नुसते फिरवले, तेलाचा दाब आलेला बघितला आणि मग चालू केले. गॅरेजची पत्र्याची शटरे थरथरली. मला त्या आवाजातले काही कळत नाही. मी त्याचे तोंड बघत होते. थोड्या वेळाने त्याने मान हलवली. मग वही माझ्यापुढे करून म्हणाला, "सही कर." मी पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत सगळे आकडे वाचले आणि मग केली.

त्याची निबंधाची वही कधीच रद्दीत गेली आहे. पुन्हा लिहून दे म्हटले तर म्हणतो, "लिवायला कुठं वेळ हाय! लुना हाय परसात. रविवारी ये, खोलून दाखवतो."

या रविवारी जाणार आहे.