सटाण्याच्या अंगणांतील शिक्रा

आरम नदीच्या कांठीं वसलेलें सटाणा हें बागलाण तालुक्याचें मुख्य ठिकाण. नाशिकहून येणारा प्रवासी बहुधा साल्हेर-मुल्हेरच्या वाटेवर येथें घटकाभर टेकतो व देवमामलेदारांचें दर्शन घेऊन पुढें जातो. यशवंतराव महाराज येथें मामलेदार असतां १८७०-७१ च्या दुष्काळांत त्यांनीं सरकारी खजिना भुकेल्या रयतेसाठीं मोकळा केला. ज्या गांवानें अशा अन्नदात्यास देव मानलें, तेथें दारच्या पांखरांना मूठभर बाजरी टाकणें हें कोणास जड वाटावें?

सकाळचें ऊन अंगणांत येतांच चिमण्या व होले परातीपाशीं उतरतात. सातभाईंची टोळी कलकलाट करीत पाचोळा उलथूं लागते. मग अकस्मात् सारें चिडीचूप होतें. कडुलिंबावरची खार तेवढी शेपूट झाडीत एकसारखी ओरडत राहते. जाणत्यानें अशा वेळीं परातीकडे न पाहतां झाडाच्या आंतल्या फांदीकडे पाहावें. पारव्याएवढा, राखी पाठीचा, छातीवर तांबूस आडव्या रेघांचा शिक्रा तेथें निश्चल बसलेला असतो. बहिरी ससाण्याप्रमाणें उंच आकाशांतून कोसळणें हें त्याचें काम नव्हे. आंखूड गोलसर पंख व लांब शेपूट यांच्या बळावर तो भिंतीच्या आडोशानें जमिनीलगत येतो, कोपऱ्यावर गर्रकन वळतो आणि थव्यांतली एखादी चिमणी उचलून नेतो. पुष्कळदां रिकामाही परततो. मादी नराहून मोठी. बाज-बहिरी पाळणारे शिकारी तिलाच शिक्रा म्हणत व नराला चिपका. पावसाच्या तोंडावर ओरडणारा पावशा दिसावयास हुबेहूब शिक्र्यासारखा, आणि त्याची मादी अंडें घालते तें सातभाईंच्याच घरट्यांत. चोरानें दरोडेखोराचें सोंग घ्यावें, ही तऱ्हा न्यारीच!

अशी एक झडप डोळ्यांदेखत झाली कीं घरांत दोन पक्ष पडतात. मुलें गलोल शोधूं लागतात. पण शिक्र्याला मारणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे, हें त्यांना तेव्हांच सांगावें. आजीचें म्हणणें निराळें. "आपणच दाणे टाकून त्या जिवांना मरणाच्या दारीं बोलावतों. उद्यांपासून परात बंद." हें उडवून लावण्याजोगें नाहीं. शिबिराजाच्या कथेंतला कपोत आपल्या सर्वांच्या ध्यानांत असतो, श्येनाचें बोलणें मात्र आपण विसरतों. वनपर्वांत हीच गोष्ट शिबीचा पिता उशीनर याच्याविषयींही आली आहे. तेथें श्येन राजाला स्पष्ट विचारतो, कीं माझा आहार काढून घेतलास तर मी मरेन व माझीं बायकामुलेंही मरतील, हा कोणता धर्म?

आपल्या दाण्यांनीं शिक्र्याची भूक निर्माण झालेली नाहीं. सरडे, उंदीर, टोळ, लहान पांखरें यांवर तो जगतच आला आहे. आपण त्याला शिकारीची ठरलेली जागा व ठरलेली वेळ तेवढी दाखवून दिली. तेव्हां बदलावयाची तीं दोनच. परात मोकळ्या अंगणाच्या मधोमध नको. बागलाणांत डाळिंबाला तोटा नाहीं. त्याच्या काटेरी झुडपापासून चार-पांच हातांवर ती टांगावी. चिमण्यांना क्षणांत आंत शिरतां येतें, आणि खालीं दबा धरलेल्या मांजराचीही झेप पुरत नाहीं. मोठ्या कांचेच्या खिडकीसमोरची जागा टाळावी, कारण भ्यालेलें पांखरूं तिच्यावर आदळून मरतें. इतकेंही करून शिक्रा रोज येऊं लागला, तर आठ-दहा दिवस दाणे थांबवावेत. चिमण्या शेतांकडे पांगतात, त्यांच्यामागें तोही हलतो. मग आजीच्याच हातानें परात पुन्हां टांगावी, वेळ मात्र रोज एकच ठेवूं नये.